पाण्याच्या पुलातली हवा

नवव्या रात्रीनंतरच्या सकाळी रोसाल्बानं भिंतीवरची पांढरी चादर उतरवली, काळ्या कागदाचं फुलपाखरू चुरगाळून खिशात कोंबलं, मेणबत्त्यांचे बुडखे गोळा केले आणि पाण्याचा पेला निकानोरच्या हातात दिला.

"भावजी, हे रस्त्यावर ओता. ओतलं की मागं वळून बघू नका. पेला पालथा घालून आत आणा." एवढं सांगून ती शेजाऱ्यांच्या खुर्च्या परत द्यायच्या उद्योगाला लागली. ती तूलियाची, म्हणजे निकानोरच्या बायकोची, थोरली बहीण. मोहल्ल्यात कुणाचंही मरण झालं की प्रार्थना सांगायला तिलाच बोलावत. सख्ख्या बहिणीच्या नऊ रात्रीही तिनं तशाच खणखणीत आवाजात पार पाडल्या होत्या.

हा पेला नऊ दिवस तूलियाच्या फोटोपुढं होता. जाणाऱ्या जिवाला तहान लागली तर ओठ ओले करता यावेत म्हणून त्यात कापसाचा एक बोळा सोडला होता. पहिल्या दिवशी काठोकाठ असलेलं पाणी आता निम्म्यावर आलं होतं. येणाऱ्या बायका रोज ते बघायच्या, एकमेकींना कोपरानं ढोसायच्या आणि पितेय बिचारी, म्हणून डोळे पुसायच्या. निकानोरच्या मते बारांकिल्या शहराच्या उकाड्यात उघडं पाणी आटणारच. पण ते सांगायचं तर तोंड उघडावं लागलं असतं, आणि तूलिया गेल्यापासून त्याला तोंड उघडायचा कंटाळा आला होता.

तो उंबऱ्यापर्यंत गेला. बाहेर ऊन मी म्हणत होतं. त्यानं पेला तिरपा केला आणि त्याचा हात तिथंच थांबला.

मासे पाळणाऱ्याच्या घरात शिळं पाणी कधी फेकत नाहीत. नळाच्या पाण्यात औषध असतं, ते माशांना सोसत नाही. म्हणून बादल्या उघड्या ठेवायच्या, पाणी मुरू द्यायचं, मग टाकीत घालायचं. हे तर नऊ दिवस मुरलेलं पाणी. निकानोर वळला आणि त्यानं ते तूलियाच्या टाकीत अलगद ओतलं. कापसाचा बोळा गाळणीच्या डब्यात दाबून बसवला. तिथं नाही तरी कापूसच लागतो.

"ओतलंत?" रोसाल्बानं विचारलं.

"ओतलं."

खोटं बोलल्यासारखं त्याला वाटलं नाही. खरं म्हणजे त्याला काहीच वाटत नव्हतं.

निकानोर दातांच्या कवळ्या करायचा. डॉक्टर तोंडाचे ठसे पाठवत, तो त्यांवरून प्लास्टरचे साचे ओतायचा आणि कवळ्या घडवून द्यायचा. जबड्यात सुई दिल्यावर ओठ जागेवर असतो पण आपला वाटत नाही, तसं त्याला सगळ्या अंगाचंच झालं होतं. पुरताना सगळे रडले. यादिरा, त्याची एकुलती एक मुलगी, उभ्या उभ्या खाली बसली. तो मात्र कबरीवर सिमेंट नीट बसतंय की नाही ते बघत राहिला. ही सुई एक दिवस उतरेल, मग दुखेल, असं तो स्वतःला सांगायचा. दुखायलाच हवं होतं त्याला. जन्मभर ज्या बाईच्या हातची कॉफी प्यायली तिच्यासाठी डोळ्यांतून टिपूस येऊ नये, याची त्याला लाज वाटत होती. आणि तीही लांबून कुणी सांगितल्यासारखी.

बैठकीतून त्याच्या कामाच्या खोलीत जायच्या दाराला दोन्ही बाजूंना दोन टाक्या होत्या, छातीइतक्या उंच स्टँडवर. डावीकडची तूलियाची, काळ्या मॉली माशांनी गजबजलेली. उजवीकडची त्याची, तिच्यात मोजके एंजल मासे, मानी आणि संथ. दोन्ही टाक्यांना पाण्याच्या पुलानं जोड, म्हणून तूलिया कैक वर्षं त्याच्या मागं लागली होती. तसे पूल तिनं कुठंतरी बघितले होते. दाराएवढी आडवी पारदर्शक नळी, दोन्ही टोकं दोन टाक्यांत बुडालेली, आणि मासे डोक्यावरून इकडून तिकडं जातायत.

"माझे मासे तुझ्या मॉलींची पिल्लं खाऊन टाकतील," तो म्हणायचा.

"खाऊ देत की. निदान ओळख तरी होईल," ती म्हणायची. "एका घरात राहून तोंड न बघणारे दोघं बरे दिसतात का?"

म्हणताना ती तिरकं हसायची, कारण तिच्या तोंडात बहुतेक वेळा सिगारेट असायची, आणि तीही उलटी. पेटतं टोक आत, तोंडात. हे तिला आईनं शिकवलं होतं. नदीवर कपडे धुताना वाऱ्यानं विझत नाही, राख धुण्यावर पडत नाही, आणि दोन्ही हात मोकळे राहतात. निकानोर त्यावरून किती भांडला असेल! तिची वरची कवळी त्यानंच केली होती. त्यासाठी ओतलेल्या साच्यात तिच्या टाळूवरचा चटक्यांचा डाग स्वच्छ उठला होता. नाण्याएवढा, खरबरीत, मध्ये बारीक बारीक टोचे असलेला. त्यानं तो तिला आरशासारखा समोर धरून दाखवला होता. तिनं बघितला आणि म्हणाली, "बाहेर धूर सोडला तर शेजारणींना कळतं. हा फक्त तुला कळतो." साचा अजून त्याच्या फळीवर होता.

तिला शेवटी फुप्फुसांनी दगा दिला. शेवटच्या आठवड्यात डॉक्टरांनी तोंडानं पाणी द्यायला मनाई केली होती. ती पाणी मागायची. निकानोर ओला कापूस तिच्या ओठांवरून फिरवायचा आणि ती तो दातांशिवायच्या हिरड्यांत धरून ठेवायची, सोडायची नाही.

खुर्च्या परत गेल्या त्याच दिवशी दुपारी त्यानं पुलाचं काम काढलं.

यादिराला ते बरं वाटलं. ती वर बोगोताला नोकरीला होती, रजा वाढवून घेऊन राहिली होती, आणि वडिलांना सोबत घेऊन जायचंच असं ठरवून बसली होती. निकानोर म्हणाला होता, पूल होऊ दे, मग बघू. निदान म्हातारा काहीतरी करतोय, एवढ्यावर तिनं समाधान मानलं.

पारदर्शक अॅक्रिलिकचे तक्ते त्यानं बारीक करवतीनं कापले. लांबट चौकोनी नळी बांधली, दोन पाय आणि वर आडवी. सांधे बंद करायला त्यानं आपलंच नेहमीचं सामान वापरलं. कवळीच्या हिरड्यांसाठी जी पूड आणि जे पातळ द्रव्य लागतं, ते कालवून सांध्यांत भरलं. त्याचा त्यावर बाजारातल्या कुठल्याही गोंदापेक्षा जास्त भरवसा होता. फक्त त्याचा रंग गुलाबी होता. पूल उभा राहिला तेव्हा त्याच्या सगळ्या कडा हिरड्यांसारख्या दिसत होत्या.

"पापा, हे तोंड आहे की पूल?" यादिरा म्हणाली. कितीतरी दिवसांनी ती हसली होती.

भरायची पद्धत सोपी असते, कष्टाची असते इतकंच. पुलाचे दोन्ही पाय दोन्ही टाक्यांच्या पाण्यात बुडवायचे आणि माथ्यावरच्या बारीक नळीतून आतली हवा ओढून घ्यायची. हवा गेली की पाणी दोन्हीकडून आपोआप वर चढतं, माथ्यावर एकमेकांना मिळतं आणि तिथंच लटकून राहतं. निकानोर स्टुलावर चढला, रबरी नळी ओठांत धरली आणि ओढायला लागला. यादिरा खाली उभी राहून नळीचा चिमटा सांभाळत होती. त्यानं मान हलवली की तिनं चिमटा दाबायचा, तो श्वास सोडणार, पुन्हा मान हलवली की सोडायचा.

पाणी हळूहळू चढत होतं. डावीकडचं जरा वेगानं चढतंय असं यादिराला वाटलं, पण दोन टाक्यांत थोडा फरक असतोच. यादिराकडं मुरलेल्या पाण्याच्या बादल्या तयार होत्या. पूल पाणी पितो तसं टाक्यांमधलं खाली जातं, ते वरचेवर भरावं लागतं.

"पापा, दमलात. पंप आणू का कुणाचा?"

त्यानं मान हलवून नाही म्हटलं. तिनं ती चिमट्याची खूण समजून चिमटा सोडला, तो नेमका ओढत होता, आणि माथ्यावरचा शेवटचा बुडबुडा त्याच्या तोंडात आला. पाठोपाठ घोटभर पाणी. थुंकायला जागा नव्हती, खाली लेक उभी होती. त्यानं गिळून टाकलं.

पूल भरला होता. दारावरच्या उन्हात तो असा दिसत होता की तिथं काही आहे हे फक्त गुलाबी कडांवरून कळावं. यादिरा त्याच्याखालून या खोलीतून त्या खोलीत दोनदा गेली, वर बघत. तिचे डोळे भरून आले. आईला बघायला मिळायला हवं होतं, असं ती म्हणाली.

निकानोरनं जिभेनं दात चाचपले. पाण्याची चव किंचित राखेसारखी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुलाच्या माथ्यावर बोटभर हवा जमली होती. त्यात नवल नव्हतं. पाणी वर ताणलं गेलं की त्यात विरघळलेली हवा सुटते, हे त्याला ठाऊक होतं. असे पूल बांधणारे सगळेच अधूनमधून ती ओढून काढतात. तो स्टुलावर चढला, नळी तोंडात धरली, हवा ओढली.

तंबाखू. ओल्या तोंडात विझत आलेल्या सिगारेटचा वास, आणि त्यामागं लवंग. लवंगेचं तर तो ताबडतोब निकालात काढू शकत होता, त्याच्या खोलीत लवंगेचं तेल असायचं, बोटांना तो वास कायम असे. तंबाखूचं त्याला सांगता येईना. घरात आता कुणी ओढत नव्हतं. रोसाल्बानं केव्हाच सोडली होती.

पण नळी तोंडातून काढल्यावर तो स्टुलावरच उभा राहिला, कारण छातीत डाव्या बाजूला काहीतरी झालं होतं. फार नाही. सुई उतरायला लागली की ओठाच्या कोपऱ्यात मुंगी येते, तेवढं. मग ते गेलं.

त्यानंतर तो सकाळची वाट बघायला लागला.

रोज हवा थोडी जास्त असायची. रोज वास थोडा दाट. तो सावकाश ओढायचा, छातीत धरायचा, सोडायला जिवावर यायचं. तेवढ्या वेळात त्याला एखादी गोष्ट लख्ख आठवायची, तिचे ओले कोपर, चुलीशी उभं राहून एका पायानं दुसरा पाय खाजवणं, आणि आठवलेलं दुखायचं. थोडंसंच. मग पुन्हा दिवसभर काही नाही. तो कवळ्या घासत बसे, समोर ठेवलेलं जेवे, कुणी विचारलं तर बरं आहे म्हणे. यादिरानं बोगोताचा विषय काढला की पुलाला अजून लक्ष द्यावं लागतंय, असं सांगे.

मासे पूल ओलांडत नव्हते. एंजल वर चढायचे, माथ्यापर्यंत यायचे आणि थांबायचे. पलीकडून मॉलीही यायच्या. सगळे हवेच्या त्या पट्टीखाली दाटीवाटीनं उभे राहायचे, तोंडं वर करून, खायला घालायच्या वेळी तूलिया काचेवर टिचकी मारायची तेव्हा राहायचे तसे. एंजल मॉलींना खात नव्हते. कुणीच कुणाकडं बघत नव्हतं.

आणि पाणी आटत होतं. आधी निकानोरनं उकाड्याला दोष दिला, मग सांधे तपासले, खालच्या फरशीवर कागद अंथरून ठेवला. कागद कोरडाच राहिला. यादिरा सकाळी एक बादली घालायची, संध्याकाळी दुसरी. जोडलेल्या टाक्यांत पाणी सारखंच उतरायला हवं, पण घालावं लागायचं ते फक्त डावीकडच्या टाकीत. ते तिच्या लक्षात आलं होतं, पण तिनं बापाला सांगितलं नाही. निकानोरच्याही लक्षात आलं होतं.

एका सकाळी माथ्यावरची हवा स्वच्छ नव्हती. तिच्यात पांढरट काहीतरी सावकाश फिरत होतं. खिडकीतलं ऊन त्यावर पडलं तेव्हा ते काय आहे यात शंका राहिली नाही. यादिरा कॉफीचे कप घेऊन पुलाखाली उभी होती.

"पापा, तो धूर आहे," ती म्हणाली.

"वाफ आहे."

"वाफ अशी फिरत नाही. तुम्ही ते ओढू नका. ऐका माझं, ते ओढू नका."

त्यानं स्टूल पुढं सरकवलं. ती कप खाली ठेवून आतल्या खोलीत गेली आणि तिनं मावशीला फोन लावला.

रोसाल्बा दुपारी आली. ती उंच बाई, दारातून जाताना तिला पुलाखाली मान वाकवावी लागायची. ती वाकली आणि तशीच राहिली. तिनं नाकानं दोनदा श्वास घेतला. मग डावीकडच्या टाकीकडं बघितलं, पाण्याच्या खुणेकडं, आणि निकानोरच्या समोर येऊन बसली.

"भावजी, पेल्यातलं पाणी कुठं ओतलंत?"

त्यानं डावीकडच्या टाकीकडं बघितलं.

"मी तुम्हाला रस्त्यावर ओता म्हटलं होतं."

"नऊ दिवसांचं मुरलेलं पाणी होतं, ताई," तो म्हणाला. "कोण फेकतं?"

रोसाल्बानं कपाळाला हात लावला. चिडली नव्हती ती. मासेवाल्या माणसाशी लग्न केलं की असलंच काहीतरी होणार, असं ती पुटपुटली. मग तिनं सरळ सांगितलं. नऊ दिवस जिवाला पाणी ठेवायचं ते वाटेसाठी. दहाव्या दिवशी ते रस्त्यावर ओतायचं, म्हणजे त्याला कळतं की इथलं पाणी संपलं, आता पुढं जायचं. "तुम्ही तिचं पाणी संपूच दिलं नाहीत. ती जाईल कशी? पितेय नि पितेय. आणि मेलेल्याची तहान पिऊन भागते होय?"

ह्यातल्या कशावर निकानोरचा विश्वास नव्हता. तो म्हणणार होता, हवेचा दाब असतो ताई, उकाडा असतो. पण त्याला कापूस आठवला. हिरड्यांत धरलेला, न सोडलेला. तेव्हा त्याला तो ओढून सोडवावा लागला होता, कारण डॉक्टर दारात उभे होते.

तशी तहान तिला अजून लागत असेल, तर मग रोज सकाळी मिळणारं ते एवढंसं दुखणं त्याला नको होतं. नको होतं असं नाही. हवं होतं, पण तिच्या जिवावर नको होतं.

"किती फेकायचं?" त्यानं विचारलं.

"एक पेला वेगळा काढता येतो का आता? सगळं."

रोसाल्बाला नुसता रस्ताही चालणार नव्हता. पाऊस येऊ दे, म्हणाली. बारांकिल्यात जोराचा पाऊस झाला की उताराचे रस्तेच ओढे होतात, खुर्च्या, पिंपं, कधी मोटारी घेऊन थेट मोठ्या नदीपर्यंत जातात. त्यात सोडलेलं परत येत नाही. ऑक्टोबर चालू होता, वाट फार बघावी लागली नाही. दोनच दिवसांत दुपारी आभाळ काळं झालं आणि दारासमोरून तांबडं पाणी घोंघावत वाहायला लागलं. मासे सकाळीच बादल्यांत घालून रोसाल्बाच्या अंगणातल्या हौदात पोचवले होते.

निकानोर शेवटचं स्टुलावर चढला. माथ्यावर आज हातभर हवा होती, दुधासारखी पांढरी. नळीचा चिमटा सोडला की बाहेरची हवा आत जाते आणि पूल कोसळतो, एवढंच करायचं होतं. त्यानं नळी क्षणभर ओठांजवळ नेली.

"पापा," यादिरा खालून म्हणाली.

त्यानं नळी लांब धरून चिमटा सोडला.

नळीतून हवा आत शिरायला लागली. बारीक शिट्टीसारखा, लांबलचक आवाज. इतके दिवस तिथून नुसता श्वास बाहेर येत होता, आज पहिल्यांदा आत घेतला जात होता. तो संपता संपेना. पाणी दोन्ही पायांतून खाली उतरलं, धूर खेचला गेला, आणि पुलात काहीही उरलं नाही.

मग त्यांनी टाक्यांना पाइप लावले आणि पाणी उंबऱ्यावरून रस्त्याच्या ओढ्यात सोडलं. रोसाल्बा पावसात उभी राहून प्रार्थना म्हणत होती, आवाज पाण्यावर चढवून. यादिरा खराट्यानं उरलंसुरलं लोटत होती. कुणी मागं वळून बघितलं नाही.

टाक्या पुसून झाल्यावर निकानोरनं गाळणीचा डबा उघडला. सगळा कापूस हिरवट, बुळबुळीत, पाण्यानं निथळत होता. त्यात तो एक बोळा पांढरा होता. त्यानं तो उचलला. बोटांत तो फुलला, हलका, कोरडा, नुकताच पुडक्यातून काढल्यासारखा. त्यानं तो रोसाल्बाला दाखवला नाही. उंबऱ्यावरून पाण्यात टाकला, आणि ओढ्यानं तो नेला.

"गेलं सगळं?" रोसाल्बानं विचारलं.

"सगळं."

"थेंबसुद्धा ठेवला नाहीत ना कुठं? कुंडीत, बाटलीत?"

"कुठंच नाही."

घर सुकलं. दाराच्या दोन्ही बाजूंना रिकाम्या टाक्या आणि वर रिकामा पूल, गुलाबी कडांचा. निकानोरला अर्थातच काही वाटलं नाही. तो यादिराला म्हणाला, चल, येतो बोगोताला. तिनं त्याच दिवशी दोन तिकिटं काढली. अवजारं खोक्यांत भरली गेली. फळीवरचे साचे त्यानं तेवढे तसेच ठेवले, लोकांचे आहेत म्हणून.

निघायच्या दिवशी रोसाल्बा जेवण घेऊन आली. तळलेला मासा, नारळाच्या रसातला भात, उकडलेला युका कंद. तिघं बसली. गप्पा बऱ्या चालल्या होत्या. बोगोताच्या थंडीवरून रोसाल्बा भावजींची टिंगल करत होती, लोकरीची टोपी घातल्यावर कसे दिसाल म्हणून. निकानोर पाणी पीत होता. दोन घासांमध्ये एक पेला, मग दुसरा. पाण्याचा जग संपला.

"पापा, किती पिताय?" यादिरा म्हणाली. "कालपासून बघतेय."

"मासा खारट आहे," तो म्हणाला.

रोसाल्बा भात वाढायला त्याच्यावर वाकली होती. तो बोलला तेव्हा त्याचा श्वास तिच्या तोंडावर आला. तिचा हात थांबला. मग तिनं भात वाढला, जग उचलला, स्वयंपाकघरात जाऊन काठोकाठ भरून आणला आणि न विचारता त्याच्या पुढ्यात ठेवला. 

निकानोर चूळ भरायला कामाच्या खोलीत गेला.

तोंडात काहीतरी खुपत होतं. त्यानं जीभ वर लावली. टाळूवर, मधोमध, एक जागा खरबरीत होती.

त्यानं तोंडात बघायचा छोटा आरसा घेतला, दिवा लावला. नाण्याएवढा डाग. त्यात बारीक बारीक टोचे.

फळीवरून त्यानं तूलियाचा साचा उतरवला आणि शेजारी धरला.

मग त्या जागेला चटका बसला. आतून. खराखुरा, झोंबणारा चटका, आणि पहिल्यांदाच सगळं एकदम दुखलं, कबर, सिमेंट, कापूस, सगळं. निकानोरच्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या दिवसांनी. ते गालावरून ओघळताना त्यानं आरशात बघितलं.

ओठाच्या कोपऱ्यापर्यंत ते पोचलं तेव्हा जीभ बाहेर आली आणि तिनं ते टिपून घेतलं. मग दुसऱ्या गालावरचं.

निकानोरनं जीभ हलवली नव्हती.